चुन्याची निवळी

बिराजदार सर हजेरीला कुणाला ‘हजर’ म्हणू देत नसत. नाव पुकारले की सकाळी काय खाल्ले, ते सांगावे लागे. लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरच्या दुष्काळात अहमदपूरच्या आमच्या शाळेत ही हजेरी फार लवकर आटपे.

“श्वास घेनं म्हंजे श्वसन न्हाई, पोरींनो,” ते म्हणत. “श्वसन पेशीत चालतंय. लई बारकी चूल हाय ती. अन्न जळतं, ऊब निघती, वायू निघतो.” कुणी ‘काही नाही’ म्हटले की ते तिला उभी करीत. “हिच्या चुलीला आता सरपन न्हाई. आधी चरबी जळंल, मग मांस. बघा, दंडाकडं बघा हिच्या.” वर्ग हसे. हसणाऱ्यांत मीही असे, कारण उद्या दंड माझा असू शकत होता.

मोड आलेले धान्यही श्वसन करते, हे दाखवण्यासाठी सरांनी हरभरा भिजवून थर्मासमध्ये ठेवला होता. आत थर्मामीटर खोचलेला. सकाळी पाहिले तर थर्मास निम्मा रिकामा. तो हरभरा मी खाल्ला होता. तो कोमट होता, हे मला अजून आठवते.

त्या दिवशी हजेरीला मी “भाकरी-पिठलं” म्हणाले. माझ्या शेजारच्या वत्सलाने खरे सांगितले, “मूठभर फुटाणे, सर.”

सरांनी प्रत्येकीपुढे चुन्याच्या निवळीची परीक्षानळी आणि एक काचनळी ठेवली. “फुंका. जिच्या पोटात हरभरा, तिचंच पानी दुधावानी हुईल.”

मी पुढचा धडा वाचलेला होता. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी प्रत्येकाचीच दुधाळ होते, हे मला ठाऊक होते. मी बिनधास्त फुंकले. वत्सलाला मात्र आपले फुटाणे आठवले असावेत. तिने नळी ओठांत धरली आणि श्वास रोखला. सगळ्या नळ्या पांढुरक्या झाल्या. तिची एकटीची नितळ राहिली.

“जित्या मानसाचं पानी दुधाळ होतंयच,” सर शांतपणे म्हणाले. “तू मेलीस तरी, न्हाईतर चोर तरी.”

“सर, घरचे फुटाणे होते हो. आईची आन.”

“दप्तर उचल.”

तिने माझ्याकडे पाहिले. मी थर्मामीटरकडे पाहत राहिले. पुढच्या आठवड्यापासून ती आईबरोबर रोजगार हमीवर खडी फोडू लागली. शाळेत परतली नाही.

मी जीवशास्त्राची शिक्षिका झाले. शेवटच्या आजारात सरांना भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. मी धीर करून म्हणाले, “सर, तो हरभरा मी खाल्ला होता.”

“व्हय. ठावं हाय. समद्यांत जोरात तूच फुंकलीस. तू पुस्तक वाचलं व्हतं.”

“मग वत्सलाला का काढलंत?”

त्यांनी नळीतून दम घेतला. “तू बोर्डात येनार व्हतीस. ती न्हाई.” मग डोळे मिटून, अगदी हजेरीच्या स्वरात त्यांनी विचारले, “सकाळी काय खाल्लंस?”

“भाकरी-पिठलं,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात ते गेले.

दरवर्षी निवळीच्या नळ्या वाटताना, कुणी फुंकण्याआधी, मी मुलींना सांगते: सगळ्यांचीच दुधाळ होते, घाबरू नका. हे एवढे वाक्य मला त्या दिवशीही पाठ होते.