मशीन भांडलं न्हाय त्या दिवशी

गोठ्यातलं किस्सं शेणासारखं असत्यात. एक दिवस उचललं न्हाय की ढीग लागतोय. आमच्या मालकाचा गोठा हातकणंगल्याजवळ हाय. म्हशींचं मी बघतो. वैरण मी टाकतो, पण भरडा, पेंड असलं खाद्य पायपातनं आपोआप गव्हाणीत पडतंय. किती पडायचं ते शबाना कॉम्प्युटरवर ठरवती. गावातलीच पोरगी, मला मामा म्हनती.

*

पहिल्यांदा तिला म्हनलो, म्हशीला खायला घालायला कॉम्प्युटर कशाला लागतोय? तिनं तक्ता दावला. आडव्या तीन ओळी: दुभत्या, भाकड, रेडकं. उभे चार रकाने: भरडा, पेंड, कोंडा, मीठ. एका जनावराला किती, ते त्यात. मग कुठली जनावरं किती, त्या तीन आकड्यांनी गुणायचं. कॉम्प्युटरची ती भाषाच तसली, अख्खा तक्ता एका दमात गुणती.

*

पण ते तीन आकडे तक्त्याशेजारी उभे, एकेका ओळीसमोर एकेक, लावायला लागत्यात. आडवे ठेवले की तीन आकडे चार रकान्यांवर बसत न्हाईत, आनि मशीन लाल अक्षरात भांडाय लागतंय. शबाना रोज विसरायची, मशीन रोज भांडायचं, मग ती उभे करायची. एकदा मी मशीनवरच खेकसलो. ती म्हनली, "मामा, भांडतंय तवर बरं हाय."

*

थंडीत जनावरांचे कांबळे डाक्टर आलते. सगळ्यांनाच थोडं वाढवून द्या म्हनले. शबानानं एकच आकडा टाकला आनि अख्खा तक्ता वाढला. मी इचारलं, आता का भांडलं न्हाय?

डाक्टर म्हनले, "एकट्याला कोन अडवतंय? कुठल्याबी पंगतीत बसतोय की!"

*

एकदा मालकानं दोनच आकडे सांगितले, भाकडांचा विसरला. मशीन अडून बसलं. मालक म्हनला, तिसरा अंदाजानं घे.

माझं डोस्कं फिरलं. "मग भाकडांनी अंदाजानं उपाशी ऱ्हायचं व्हय?"

*

मग कोंडा संपला. शबानानं तो रकाना काढला. ऱ्हायल्या तीन ओळी, तीन रकाने. सवयीनं तिनं आकडे आडवेच ठेवले, आनि त्या दिवशी मशीन भांडलं न्हाय. तीन आकडे तीन रकान्यांवर गुमान बसले. दुभत्यांचा आकडा अख्ख्या भरड्याच्या रकान्याला लागला. दुभत्या रेडकांच्या दुप्पट, म्हनून रेडकांना भरडाबी दुप्पट पडला.

दुपारी रेडकांची पोटं फुगली. डाक्टर पळत आले, नळ्या घातल्या, बाकीची वाचली. एक रेडी माझ्या मांडीवर गेली.

तसाच हापिसात गेलो. शबानाला नको नको ते बोललो. तिनं एवढंच इचारलं, "मामा, नाव काय हुतं तिचं?"

चांदी, म्हनलो.

दुसऱ्या दिवशी तक्त्यात चौथा रकाना आला. तिन्ही ओळीत शून्य. त्यात काय न्हाय, पन आकडे आडवे पडले की मशीन आता पहिल्यागत भांडतंय.

परवा मालकानं स्क्रीन बघितला. रकान्यावरचं नाव वाचलं आनि म्हनला, चांदी ही कसली वस्तू? गोदामात तर न्हाय. काढून टाक.

शबानानं मान वर केली न्हाय.

"ऱ्हाऊ द्या मालक. ती काय खात न्हाय."