दुभाष्या मावशीची साक्ष

इस्पितळातल्या सगळ्याच आयांना मावशी म्हणायची पद्धत होती. पण बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टरांच्या टेबलाकडून ‘मावशी’ अशी हाक आली, की बाकीच्या खाली मान घालून काम करत राहायच्या आणि एकच जण फडकं बादलीत टाकून उठायची. ती मूळची डोंगरातली. लग्न होऊन शहरात आली त्याला तीस वर्षं झाली, तरी तिची बोली सुटली नव्हती. डोंगरातून येणाऱ्या बायकांना शहराची भाषा कळत नसे आणि डॉक्टरांना त्यांची. दोघांच्या मधे मावशी उभी राहायची. तिच्या नेमणुकीच्या कागदावर झाडणं, पुसणं आणि पेशंटला भांडं देणं, एवढंच लिहिलं होतं.

तिला या कामाचा तोरा होता. “माझ्यावाचून मोठ्या डॉक्टरांचं पान हलत नाही,” असं ती जावेला सांगायची. “मग त्यांना म्हणावं, एक दिवस लादीही पुसा,” असं म्हणून जाऊ हसायची.

मोठे डॉक्टर चार वाक्यं बोलायचे, मावशी एक सांगायची. “थोडक्यात आटपा,” असं तेच म्हणायचे. पेशंटचा अंगठा झाला की खाली साक्षीदार म्हणून मावशी आपलं नाव लिहायची. तिला नावापुरतंच लिहिता येत होतं. वर काय छापलंय, हे तिने कधी विचारलं नाही.

एका सकाळी बाहेरच्या पेशंटांच्या तपासणीत एक डोंगरातली बाई आली. पंचविशीची असेल. एक मुलगी होती, दुसरं मूल तीन वर्षं राहत नव्हतं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई नव्या होत्या. त्यांनी जुने कागद मागवले, वाचले, पुन्हा वाचले, आणि मावशीला बोलावून दार लोटून घेतलं.

“मावशी, हिला विचारा, पहिल्या बाळंतपणात पोट उघडलं तेव्हा मूल बंद करायचं ऑपरेशनही केलं होतं, हे हिला माहीत आहे का?”

मावशीने विचारलं. बाई आधी डॉक्टरीणबाईंकडे आणि मग मावशीकडे बघत राहिली.

“तूच होतीस ना?” ती म्हणाली. “तू म्हणालीस, बाळ अडलंय, छोटं ऑपरेशन आहे, अंगठा दे. दुसरं काही बोललीच नाहीस.”

“काय म्हणाली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

वेळ मारून नेणं अवघड नव्हतं. खोलीत दोन्ही भाषा कळणारी ती एकटीच होती. मावशीने सगळं जसंच्या तसं सांगितलं, “तूच होतीस ना”सकट.

डॉक्टरीणबाईंनी वर लेखी कळवलं. महिन्याभरात चौकशी समिती नेमली गेली. समितीसमोर जायच्या आधी अधीक्षकांनी मावशीला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

“कागदावर अंगठा आहे, तुमची सही आहे,” ते म्हणाले. “तिला समजावून सांगितलं होतं, इतकंच बोलायचं. नाहीतर चूक तुमच्याच गळ्यात पडेल.”

घरी नवऱ्याचंही तेच म्हणणं. “निवृत्तीला दोन वर्षं राहिली. आता कशाला नसती ब्याद ओढवून घेतेस?”

“ब्याद तिच्यावर आली, माझ्यावर कुठे आलीय?” मावशी म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

समितीसमोर मोठे डॉक्टर आधी बोलले. पेशंटला तिच्या भाषेत सगळी कल्पना दिली होती, असं त्यांनी सांगितलं. मग मावशीला विचारलं गेलं.

“नाही दिली,” ती म्हणाली. “मला त्यांनी जेवढं सांगितलं, त्यात मूल बंद करायचं नव्हतं. आणि जेवढं सांगितलं, तेही मी पुरतं सांगितलं नाही. घाई असायची. शहरातल्या बायकांपाशी सिस्टर बसायच्या, कागद वाचून दाखवायच्या, नवऱ्याला, सासूला बोलवायच्या. आमच्या बायकांचा नुसता अंगठा घ्यायचे. आणि ही काही एकटी नसणार.”

समितीच्या अध्यक्षबाईंनी पाच वर्षांचे कागद काढायला लावले. डोंगरातल्या चौदा बायकांवर बाळंतपणातच ते ऑपरेशन झालं होतं. चौदाही कागदांवर अंगठे होते, आणि प्रत्येकाखाली मावशीच्या हातचं तेच वाकडं नाव. कागद टेबलावर मांडले तेव्हा तिने सगळे एकेक करून पाहिले. सहा-सातच चेहरे तिला आठवले.

मोठ्या डॉक्टरांचं ऑपरेशन करणं थांबवलं. पुढची कारवाई अजून चालू आहे. अधीक्षकांची बदली झाली. मावशीला ताकीद मिळाली, तीही लेखी. इस्पितळाने दोन दुभाष्या मुली नेमल्या. त्या जागेला शाळेचा दाखला लागत होता, म्हणून मावशीने अर्जच केला नाही.

समितीने आणखी एक ठरवलं होतं. चौदाही बायकांना घरी जाऊन, त्यांच्या बोलीत, काय झालं ते सांगायचं आणि इस्पितळाची चूक लेखी कबूल करायची. डॉक्टरीणबाई निघाल्या, बरोबर एक दुभाषी मुलगी आणि मावशी. नऊ बायका सापडल्या. एक म्हणाली, “मला नकोच होतं मूल, पण विचारायला काय झालं होतं?” एकीने तोंडावर दार लावलं. एकीचा नवरा मूल होत नाही म्हणून तिला सोडून गेला होता. ती ओसरीत बसून सगळं ऐकत राहिली आणि शेवटी कबुलीचा तो कागद तिने मागून घेतला. त्याला दाखवायला.

तपासणीला आलेल्या त्या पहिल्या बाईने मात्र बंद केलेल्या नळ्या पुन्हा जोडायच्या ऑपरेशनची चौकशी केली. त्याने मूल होईलच अशी खात्री नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तिला तीनदा सांगितलं, आणि दुभाष्या मुलीने तीनदा तिच्या बोलीत. बाई तयार झाली. तिची एकच अट होती: त्या दिवशी ती आया आपल्यासमोर यायला नको.

मुलीने हे सांगताना मान खाली घातली. मावशी म्हणाली, “बरोबर आहे तिचं.”

ऑपरेशनच्या दिवशी मावशीने डोळ्यांच्या वॉर्डात काम मागून घेतलं. ऑपरेशन नीट पार पडलं. त्याला आता आठ महिने झाले. बाईला दिवस अजून राहिलेले नाहीत.