चार पानांची जुडी

मंडळी, आज सकाळी खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मुलगी एक जुडी घेऊन आली. "काकू, आमच्या गावाकडची भाजी. तळ्याकाठी येते." मी हसून घेतली आणि दार लागताच चष्मा चढवला.

एका देठावर चारच पानं. तीन असती तर आंबुशी, ती चावली की आंबट लागते. कोवळं पान गोगलगायीसारखं गुंडाळलेलं. फूल कुठंच नाही. मुळाशी मिरीएवढ्या टणक गोळ्या. म्हणजे पाण्यातला, खाता येणारा नेचाच. सगळ्या खुणा पटल्या, तरी हात कढईकडे जाईना. पोरगी कुठली, कोणाची, काय माहीत!

या खुणा मला लहानपणी मराठवाड्यातल्या ईट गावी कळल्या. निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. वडील तिथं मास्तर होते. शेजारच्या धनगरांच्या सोनाबाईंनी हीच भाजी आणून दिली, खुणाही दाखवल्या. आईनं गोड बोलून घेतली आणि उकिरड्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सोनाबाईंनी विचारलं, "कशी झाली वं भाजी?"

"छान झाली," आई म्हणाली.

सोनाबाईंनी उकिरडा बघितला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "भ्या वाटलं तर सांगायचं न्हाय व्हय? आदी म्या खाल्ली असती." पुन्हा त्यांनी आमच्याकडं कधी काही आणलं नाही.

जुडी अजून ओट्यावरच आहे. आत्ताच खालून मेसेज आला: "काकू, कशी झाली भाजी?"

सांगा, काय लिहू?