भोगीची ताटं

माझे गुडघे मोडायच्या आधी माझा ताठा मोडायला हवा होता. तो शाबूत राहिला, आणि त्यापायी जे झालं ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

भांडगावात आम्ही तिघी. मी गावच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. शेजारच्या मैत्रिणीचा शेवंतीचा मळा, म्हणून ती शेवंतीवाली. तिसरी हायवेच्या पलीकडं वस्तीवर राहायची. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. लग्नानंतर दहा-बारा वर्षं ती मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेली आणि चालत परत आली. मेंढरं केव्हाच विकली, शेती आली, पण आमच्या तोंडी ती मेंढरंवालीच राहिली. तिची मुलं माझ्या हाताखाली शिकली, म्हणून चाळीस वर्षांच्या मैत्रीतही ती मला ‘बाई, तुमी’ म्हणते.

मारुतीच्या कट्ट्यावर आमच्या गप्पांचे विषय दोनच. सणाला काय खाल्लं, आणि आता शरीरातलं काय चालेनासं झालं. पहिला विषय दरवर्षी आखडत गेला. पुरणपोळी साखरेमुळं गेली, करंजी दातांमुळं गेली. दुसरा मात्र वाढतच होता.

परवाच्या दिवाळीनंतर मेंढरंवाली एक काचेची बरणी घेऊन आली. तिचा थोरला शिक्रापूरला कंपनीत आहे. कंपनीनं दिवाळीला वाटलेल्या खोक्यात ती बरणी निघाली होती. मिठाच्या पाण्यातली हिरवी ऑलिव्हं, पोटात लाल मिरचीचा तुकडा. मी एक चावलं आणि थुंकून टाकलं. त्यापेक्षा निंबोळी बरी.

शेवंतीवाली म्हणाली, “नातीच्या पिझ्झ्यावर काळी असत्यात, ती बरी. त्यास्नी चवच न्हाई, मग तरास बी न्हाई.”

मेंढरंवाली एकामागून एक तोंडात टाकत होती. “खारट, तुरट, आन् मागनं जराशी कडू. लई झ्याक हाय. औंदा भोगीच्या भाजीत टाकू ह्यातली चार.”

“भोगीच्या भाजीत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“भोगीत रानातलंच पडतं न्हवं, बाई? मग हे बी कुनाच्या तरी रानातच पिकलं असंल की.”

मी चिडले. मी म्हणाले, तुझ्या घरी तू काय हवं ते कर. ती हसत राहिली. पण उठताना तिला तीनदा प्रयत्न करावा लागला, आणि ते आम्ही दोघींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

ती कट्ट्यावर आली ती तेव्हाची शेवटची. पूर्वी हायवेच्या डिव्हायडरमध्ये एक फट होती, तिच्यातून माणसं ये-जा करत. फटीला कठडा बसला. आता पलीकडं जायचं तर लांब पुलाखालून वळसा. समोर तिचा कडुलिंब दिसतो, वाळत घातलेलं लुगडं दिसतं, पण पोचायचं तर रिक्षा लागते. तेव्हापासून आमचं बोलणं फोनवरच. त्यात मी न्हाणीत घसरून गुडघ्यांवर पडले आणि माझ्या हातात वॉकर आला. ही गोष्ट मी मेंढरंवालीपासून लपवली. कोकणापर्यंत चालून आलेल्या बाईला मी वर्षानुवर्षं चिडवायचे, “तुझे पाय मेंढरांनी खाल्ले, माझे बघ कसे ठणठणीत!” आता कोणत्या तोंडानं सांगणार?

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी आम्ही तिघी कायम तिच्याच चुलीपाशी खायचो. गाजर, घेवडा, वांगी, सोलाणे शेवंतीवालीच्या मळ्यातले. बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लोणी मेंढरंवालीचं. मला रान नाही, म्हणून तीळकूट माझं. आणि नेम असा की तिन्ही ताटं मांडल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. न खाई भोगी तो सदा रोगी, पण एकटीनं खाल्ली तर ती भोगीच नव्हे, असं आमचं तिघींचं शास्त्र.

यंदा शेवंतीवालीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी चुलीचा धूर मना केला होता. भाजी तिच्या सुनेनं डब्यातून माझ्याकडं आणून दिली. मी फोनवर सांगितलं, “बाराला येते. दोघींचीच मांड.”

“या, बाई. चूल पेटवलीच हाय.”

रिक्षा दारात आली. रिक्षावाला माझाच जुना विद्यार्थी. मी वॉकर घेऊन उंबऱ्याशी आले आणि तिथंच थबकले. तिच्या अंगणात हा सांगाडा टेकत उतरायचं, तिनं बघायचं, तिच्या सुनेनं हात धरायचा. मला ते नको झालं. मी डबा रिक्षावाल्याच्या हाती दिला. “तिकडं पोचव,” एवढंच म्हणाले. फोन करायला हवा होता. पण फोन केला की कारण सांगावं लागणार, म्हणून केला नाही.

साडेबाराला तिचा फोन आला. मी उचलला नाही. एकला आला, तोही नाही. दोनला वाजला तेव्हा मी फोनवर उशी ठेवली. मी सत्तरी ओलांडलेली बाई, शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारी.

तिनं सकाळी साखर उतरवायची गोळी घेतली होती. सून सांगत होती, आत्या, खाऊन घ्या. पण डबा आला म्हणजे बाई मागून चालत येतच असणार, असं तिनं धरलं. दोन ताटं मांडून ती बसून राहिली. तीनच्या सुमाराला ती उठली आणि अंगणात कोसळली.

दौंडच्या दवाखान्यात चार दिवस होती. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं. मग थोरल्यानं तिला शिक्रापूरला नेलं. भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली दिवसरात्र ट्रक. ती उतरू शकत नाही आणि मी चढू शकत नाही.

महिन्याभरानं मी धीर करून फोन लावला. वॉकरचं सांगितलं, उशीचंही सांगितलं. मी रडले, ते तिला ऐकू गेलं असावं.

ती म्हणाली, “मला वाटलं, तुमी रस्त्यात कुठं पडला असाल. फोन बी उचलंनात. म्हून मी तुमाला बगाया निघाले व्हते.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, “जेवलीस का?”

“कवाच. आता मी येळंवर खाती, बाई. कुनाची वाट न्हाई बगत.”

“बरं करतेस,” मी म्हणाले.