उष्मांकावरचं बोट

वडवणीच्या स्टँडसमोर बर्गरचं दुकान झालंय. तिथल्या पाटीवर बोट ठेवून एक बाई एकेक अक्षर लावत होती. बाकड्यावर तिची सून, सातव्या महिन्यातली. डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी सांगितलंय आणि पोरीला डोहाळा बर्गरचा, हे त्या बाईनंच शेजारी उभ्या असलेल्या मला सांगितलं.

बोट 'उष्मांक' या शब्दावर थांबलं. "लेकरा, ह्ये लई उष्ण हाय का? पोटातल्याला बाधंल."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ऐटीत सांगितलं, "मावशी, उष्णतेचा संबंध नाही. उष्मांक म्हणजे अंगाला मिळणारी शक्ती. बर्गरात आणि तळलेल्या बटाट्यात ती भरपूर असते."

"मग रक्त वाढंल?"

"रक्त नाही वाढणार. मैदा, बटाटा, तेल, मीठ एवढंच."

"मग शक्ती कावून म्हनलास?"

शिकताना मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

तिनं बर्गर घेतला, पण मांडीवर ठेवून पदराखाली झाकला. पिशवीतली ज्वारीची भाकरी आणि तांदुळजाची भाजी सुनेपुढं धरली. "आदी रक्ताचं खा. मंग जिभंचं."

सून भराभरा खाऊ लागली. तिची नजर पदरावरून हलत नव्हती.

"चावून खा," सासू म्हणाली, "ते कुटं पळून जात न्हाई."