आवाज आल्याशिवाय पडायचं नाही

मेघाचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून उभा होतो. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली. मी "बरं, आलोच" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि भाजीवालीला विचारलं, "कोवळी आहे ना ही?" ती हो म्हणाली. मी मेथी घेतली, कोथिंबीर घेतली, पिशवीत नीट रचली आणि चालत स्कूटरपर्यंत आलो. किल्ली लावताना मात्र ती भोकात जाईना... शेजारच्या रिक्षावाल्याने हातातून घेऊन लावून दिली. ती भाजीची पिशवी घेऊनच मी दिनूच्या घरी पोचलो आणि दिवसभर ती त्यांच्या चपलांच्या कपाटाशी पडून राहिली. आमचा दिनू, म्हणजे दिनकर खैरनार, जाऊन आता महिना उलटून गेला. एरवी मी लिहिणारा माणूस नाही. पण येत्या शुक्रवारी एक सिनेमा लागतोय, त्यात दिनू आहे किंवा नाही, आणि तो लागायच्या आधी हे सांगून टाकावं असं वाटलं.

सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर नोकरी केली. तो स्टोअरमध्ये, मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. तो मूळचा सटाण्याकडचा. सारी हयात नाशकात गेली तरी "कसा आहेस?" असं विचारलं की उत्तर अहिराणीत आणि एकच, "शे." म्हणजे आहे. बरा आहे की वाईट, ते आपलं आपण ओळखायचं. कारखान्याचं नाट्यमंडळ होतं आणि कामगारांच्या स्पर्धेत आमचं दरवर्षी एक नाटक असायचं. दिनू रंगमंचावर आणि मी विंगेत. चेहऱ्यावर उजेड पडला की मला घाम फुटतो, म्हणून मी दिवे, पडदा आणि आवाज सांभाळायचो. दाराची कडी, टेलिफोनची घंटा, मोटारचा हॉर्न, सगळं मी विंगेत बसून करत असे. दिनूला मात्र उजेडात उभं राहायला फार आवडायचं. रुबाब असा काही नव्हता, आवाजही बेताचाच, पण तो उभा राहिला की बघणाऱ्याला वाटायचं, हा आपल्या ओळखीचा आहे.

आमच्या एका नाटकात त्याला शेवटच्या अंकात गोळी लागून मरायचं होतं. तालमीत पठ्ठ्या दरवेळी आधीच पडायचा. समोरच्याने पिस्तूल वर केलं की हा खाली. आमचे दिग्दर्शक कारखान्याच्या कॅन्टीनचे मॅनेजर होते, तोंडाचे तिखट. त्यांनी दिनूला पुन्हा पुन्हा उभा केला आणि घोकून घेतलं, "खैरनार, आवाज आल्याशिवाय पडायचं नाही. काय? आवाज आल्याशिवाय पडायचं नाही." दिनूने ते एकदाचं डोक्यात बसवून घेतलं. प्रयोगाच्या दिवशी पिस्तुलातल्या टिकल्या सादळल्या होत्या. खलनायकाने चाप ओढला, टिक असं काहीतरी झालं आणि संपलं. दिनू उभाच. खलनायकाने पुन्हा चाप ओढला. दिनू उभाच. शेवटी खलनायक काकुळतीला येऊन म्हणाला, "गोळी घातली तुला." त्यावर दिनू अगदी शांतपणे म्हणाला, "आवाज नाही आला." सगळं सभागृह हसून लोळलं. आमचं करुण नाटक त्या वर्षी विनोदी म्हणून गाजलं आणि मॅनेजरसाहेब आठवडाभर आम्हा दोघांशी बोलले नाहीत.

त्यानंतर मी पॅकिंगच्या खोक्याच्या दोन पट्ट्या घासूनपुसून त्यांना बिजागरी बसवली. दोन्ही पट्ट्या उघडून एकमेकींवर आपटल्या की असा काही बार उडायचा की पुढच्या रांगेतली पोरं दचकून रडायची. त्या फळीच्या आवाजावर दिनू पुढे कितीतरी नाटकांत मेला. कोणी पिस्तूल रोखलं की त्याची नजर किंचित माझ्या विंगेकडे वळायची आणि मी वाजवली की हा धाडकन खाली. "विज्या वाजवत नाही तोवर मी मरायचा नाही," हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. पुढे मंडळ बंद पडलं, आम्ही निवृत्त झालो. माझ्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून फळी त्याच्या घरी माळ्यावर गेली.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या जुन्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर निरोप आला की देवळाली कॅम्पला एका मोठ्या सिनेमाचं शूटिंग आहे, स्थानिक वयस्कर चेहरे हवेत. मला जायचं नव्हतं, दिनूने ओढून नेलं. गोष्ट एका पुढाऱ्याच्या खुनाची होती. भर सभेत त्याला गोळी घालतात, आणि सिनेमा त्या सभेत हजर असलेल्या सगळ्यांचा आहे. ड्रायव्हर, बातमीदार, बंदोबस्ताचा हवालदार, बायको, विरोधी पक्षाचा माणूस, आणि मारणारासुद्धा. कोणी एक हीरो नाही. दिनूला ते फारच पसंत पडलं. "हीरोच नाही म्हटल्यावर आपण सगळे सारखेच की," तो म्हणाला. मला धोतर-टोपी देऊन गर्दीत लोटलं. दिनूचा चेहरा त्यांना आवडला आणि त्याला थेट मंचाच्या पायऱ्यांशी, स्वागत समितीत उभं केलं. पुढारी खाली उतरतो, दिनू वाकून नमस्कार करतो, आणि त्याच क्षणी गोळी सुटते. त्याला वाक्य एकही नव्हतं.

सिनेमात गोळीचा आवाज त्या वेळी नसतो, तो मागाहून टाकतात, हे आम्हाला कुठे ठाऊक? रिया नावाची एक तरतरीत सहायक मुलगी हातात लाल रुमाल घेऊन सगळ्यांना समजावत होती, "रुमाल खाली आला की गोळी झाली असं समजायचं आणि पळायचं." रुमाल खाली आला. मी पळालो, बाया किंचाळल्या, खुर्च्या पडल्या, पुढारी कोसळला. आणि दिनू हात जोडून उभा. चेहऱ्यावर स्वागताचं हसू तसंच, नजर किंचित बाजूला वळलेली. ती विंगेकडे वळली आहे हे त्या मैदानावर मला एकट्यालाच समजलं. तो माझी वाट बघत होता... कट झाला. आता याची चंपी होणार म्हणून मी धापा टाकत परत आलो. तरुण दिग्दर्शक खुर्चीवरून उठून त्याच्यापाशी आला. "अंकल, आप भागे क्यूँ नहीं?" दिनू ओशाळून म्हणाला, "आवाज नाही आला ना साहेब." दिग्दर्शकाने पडद्यावर तो तुकडा पुन्हा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाला की बस, हेच पाहिजे. सगळे पळतायत आणि एका माणसाला अजून कळलेलंच नाही.

मग कॅमेरा त्याच्या जवळ आणला. आता हेच मुद्दाम करा म्हटल्यावर दिनूला ते काही केल्या जमेना. एकदा डोळे फार मोठे झाले, एकदा हात थरथरले, एकदा तर रुमाल पडल्याबरोबर तो खरोखरच पळाला आणि सगळे हसले. दुपारपर्यंत घेत राहिले. शेवटी दिग्दर्शक ठीक आहे म्हणाला, पण त्याचा चेहरा काही तसं सांगत नव्हता. म्हणजे खरा होता तो पहिलाच, चुकून झालेला, आणि त्यात कॅमेरा लांब होता. परतीच्या बसमध्ये दिनू म्हणाला, "पहिलाच घेतील बघ." मी म्हणालो, "घेतलाच तर." त्यावर तो देवळालीपासून नाशकातल्या द्वारका चौकापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. पहिली तारीख आली ती निवडणुकीमुळे पुढे गेली. दुसऱ्या तारखेच्या आधी कोणीतरी कोर्टात गेलं, की हा पुढारी म्हणजे आमचाच पुढारी. मध्ये दिनूला कावीळ झाली म्हणून दाखवायला नेलं आणि ती नुसती कावीळ नाही, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, असं निघालं. फार करता येण्याजोगं काही नव्हतं. डॉक्टर मेघाशी वेगळं बोलले आणि दिनूशी वेगळं, पण दिनूने मला सरळ विचारलं, "सिनेमा आधी येईल का रे?" मी म्हणालो, "येईल की." असं म्हणताना मला स्वतःचाच राग येत होता. दुसरं काय म्हणणार होतो? रियाचा नंबर माझ्याकडे होता. मी तिला फोन केला, सगळं सांगितलं आणि विनवलं की तेवढा एक तुकडा मोबाइलवर पाठव, आम्ही कोणाला दाखवणार नाही, बघून पुसून टाकू. ती म्हणाली, "अंकल, मी आता त्या प्रोजेक्टवर नाहीये. एडिट लॉक झालंय, बाहेर काहीच देत नाहीत. मी विचारते." तिने विचारलं असणार, कारण तिनेच पुन्हा फोन केला आणि बोलता बोलता रडली. मीच तिची समजूत घातली. आणखी एक-दोन नंबर मिळवले, तिथे नीट बोलले, पण नाही म्हणाले. चूक कोणाचीच नव्हती, त्यामुळे भांडायलाही कोणी उरलं नाही. आयुष्यभर मी बिघाड शोधत आलो. कुठेतरी तार तुटलेली असते, ती सापडते, आपण जोडतो. इथे हात घालायला जागाच नव्हती.

ट्रेलर आला तेव्हा दिनू हॉस्पिटलात होता. मेघाने मोबाइल त्याच्या डोळ्यांपुढे धरला, दिनूची बायको शैलावहिनी आणि मी दोन्हीकडून वाकलो. मोठमोठे नट, जीपगाड्या, घोषणा, मग ती सभा. मंचाच्या पायऱ्या दिसल्या, एक पांढरी टोपी दिसली, आणि ठो... खणखणीत बार. पुढे काळोख आणि सिनेमाचं नाव. दिनूने डोळे मिटले आणि मान धाडकन उशीवर टाकली, जीभ बाहेर. वहिनी किंचाळल्याच. मग त्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "आवाज टाकला बघ त्यांनी. चांगलाय. तुझ्याएवढा नाही." मी आणि मेघा हसलो. वहिनी "हे काय वागणं झालं?" म्हणत पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मेघाने तेवढाच भाग थांबवून थांबवून पुन्हा लावला. ती टोपी त्याची, की त्याच्या शेजारच्याची, काही ठरेना. "मीच तो," दिनू म्हणाला. मेघा म्हणाली, "पप्पा, तो जाडा वाटतोय." "मी तेव्हा जाडाच होतो," तो म्हणाला.

घरी आणल्यावर त्याने वहिनींच्या मागे लागून माळ्यावरची फळी खाली काढायला लावली. पलंगाशेजारच्या स्टुलावर औषधं आणि त्यांच्याजवळ ही फळी. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. बोलणं कमी होत गेलं होतं आणि जे उरलं होतं ते बहुतेक अहिराणीत, वहिनींशी. मी "कसा आहेस?" विचारायचो, तो "शे" म्हणायचा. आमच्या शेवटच्या भेटीत मी निघताना फळी सहज हातात घेतली. त्याने मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "वाजवू नको हां विज्या. सिनेमा येईपर्यंत तरी नाही." मी फळी अलगद होती तिथे ठेवली आणि म्हणालो, "मग कसा मरशील?" असलं बोलणं आमच्यात चालायचं, तो हसलाही. पण जिना उतरताना मला बसावं लागलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

दोन दिवसांनी मी मेथी घेत होतो आणि तो गेला होता. कुठे काही वाजलं नाही. इतक्या वर्षांत रंगमंचावर त्याने जे एकदाही केलं नाही, ते घरात, पलंगावर करून टाकलं. तालमीतल्यासारखा आधीच पडला. त्याच्यावर मी रागावलोय, हे लिहिताना कळतंय. सिनेमाची नक्की तारीख त्यानंतर थोड्याच दिवसांनी जाहीर झाली. ती वाचली तेव्हा मी पेपर दुमडून तसाच रद्दीत टाकला.

परवा वहिनींनी बोलावून घेतलं. चहा दिला, दिनूचे दोन नवे शर्ट माझ्या अंगाला येतील का, हे डोळ्यांनीच मापून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, पहिला खेळ तुम्ही बघून या. मेघा तिकीट काढतेय माझं, पण मी थांब म्हटलं. तुम्ही बघा. ते त्यात शेतस का, तेवढं सांगा. असले तर मी येईन. नसले तर मला नाही यायचं." मी हो म्हणालो. तेव्हापासून मला झोप नाही. तो नसला तर वहिनींना काय तोंडाने सांगू, हे एक. आणि असला, तर त्या बाराचा आवाज आता त्यात टाकलेला आहे. लोकांना वाटेल, या माणसाला ऐकू आलं, तरी तो पळाला नाही, हात जोडून उभा राहिला. धीराचा माणूस म्हणतील. त्याला ऐकू आलंच नव्हतं, तो नुसता वाट बघत होता, हे त्या अंधारात फक्त मला माहीत असणार.

निघताना वहिनींनी फळी माझ्या पिशवीत घातली. "ही तुमचीच," म्हणाल्या. आता ती आमच्याकडे टीव्हीच्या बाजूला आहे. रोज पुसतो. पुसताना दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये डाव्या हाताचं बोट घालून ठेवतो, चुकून वाजू नये म्हणून.