प्रानोमअक्काच्या पोटातली गोष्ट

आमच्या गल्लीत कुणाची साखर किती वाढली हे त्या माणसाच्या आधी मला कळायचं, आणि त्याचं सगळं श्रेय प्रानोमअक्काला. ती गावाची आरोग्यसेविका. राखाडी सदरा घालून, रक्तदाबाचं यंत्र कापडी पिशवीत टाकून घरोघर फिरायची. फेरी संपली की माझ्या कुटलेल्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या गाडीशी येऊन टेकायची आणि म्हणायची, "लामाय, मिरच्या चार टाक. आणि कान इकडे कर."

मग तालुक्याच्या दवाखान्यात तिला शिकवणीला बोलावलं. परत आली ती हातात नवा फोन आणि तोंडाला कुलूप घेऊन. आजाऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीवाचून बाहेर सांगायची नाही, आता तसा कायदा झालाय म्हणे.

"अगं, कुणाची तरी साखर वाढली असेल की!" मी म्हटलं.

"माझीच वाढली. तुझं गोड बोलणं ऐकून."

माझा तर धंदाच बसला. पपई कोण नुसत्या चवीसाठी खातं?

माझ्या गाडीशेजारी खामपानदादाची कोंबडी भाजायची शेगडी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब रायोंगला कारखान्यात. एकटा माणूस, पण कोंबडी अशी भाजायचा की पलीकडच्या गावची माणसं मोटारसायकली काढून यायची. उन्हाळा संपता संपता त्यानं शेगडी बंद केली. "धुरानं छाती भरलीय," म्हणाला आणि शेतातल्या खोपीत राहायला गेला. परत आला तो निम्मा होऊन. शेगडी पुन्हा पेटवली, पण आमच्यात जेवेना!

दुपारी आम्ही सगळे चटईवर बसतो, मध्ये चिकट भाताची एकच टोपली, सगळ्यांचे हात तिच्यात. हा मात्र स्वतःची चिमुकली टोपली घेऊन लांब, पाठ करून.

"काय हो दादा, आमच्या हातांना घाण लागलीय का?"

"पोट बरं नाही गं."

माणूस वाळलाय, एकटा जेवतोय, हाक मारली की दचकतोय. याला काय झालंय हे कळायला मला डॉक्टर नको होता. त्यात रोज पहाटे प्रानोमअक्का त्याच्या अंगणात! अक्काही विधवाच. एकदा कुंपणावरून सहज नजर गेली. (सहज म्हणजे स्टुलावर चढून.) दादा बांबूच्या बाजेवर बसलेला. अक्कानं त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. त्यानं तोंडात टाकलं, पाणी प्यायला आणि मग आ वासून जीभ अशी बाहेर काढली की हनुवटीला लागावी. अक्का फोन धरून त्याच्या तोंडात बघतेय आणि दोघंही हसतायत! मी आयुष्यात बरीच प्रेमं पाहिली, पण जीभ दाखवून चाललेलं हे पहिलंच.

बातमी फुटली. कशी, ते विचारू नका.

"अक्का, लग्नात नवऱ्यामुलाकडून सोनं किती मागणार?"

"तू तुझी पपई कुट."

त्याच दिवसांत तिनं गल्लीत छातीचे फोटो काढणारी गाडी आणवली. म्हाताऱ्यांची तपासणी आहे म्हणे, पण ओढून नेलं सगळ्यांना. "मी कुठं म्हातारी?" मी ओरडले. "केसांचा कलप काढ, मग बोलू," अक्का म्हणाली. आत गेलं की यंत्र क्षणात सांगायचं, छाती साफ आहे की नाही. सगळ्यांची साफ निघाली. अक्कानं पदरच्या पैशांनी प्रत्येकाला फिश सॉसची बाटली दिली. एवढी खूश कशाला झालीय, ते काही मला उमगलं नाही.

गावप्रमुख विचियनची बायको मात्र हसण्यावारी नेणारी नव्हे. सरकारी सदरा घालून पहाटे परपुरुषाच्या घरी! तिनं नवऱ्याच्या मागं टुमणं लावलं आणि विचियननं देवळाच्या मंडपात बैठक बोलावली.

"प्रानोम, एवढंच सांग, तिथं कशाला जातेस?"

"कामाला."

"कसलं काम?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही की सांगायचं नाही?"

"दोन्ही."

विचियननं डोकं खाजवलं. "मग सदरा ठेवून जा बाई. दुसरी कुणीतरी निवडू."

वीस वर्षं अंगावर होता तो सदरा, तिच्या बनियनवर. ती वरचं बटण चाचपत उभी राहिली. मग तो काढून, नीट घडी घालून विचियनच्या पुढ्यात ठेवला. "घ्या. पण उद्या पहाटे मी जाणार." मागच्या बाजूला खामपानदादा खाली मान घालून चटईची काडी उपटत होता.

वाटेत मी तिला गाठलं. "अक्का, लग्न करतोय म्हणून सांगून टाक ना! तेवढ्यानं तोंडं बंद होतील."

"लामाय, तुझं एखादं दुखणं मला ठाऊक असलं, तर ते मी कुणाकुणाला सांगावं असं वाटतं तुला?"

माझ्या दोन-तीन गोष्टी तिला ठाऊक आहेत. मी घराकडे पावलं उचलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मिरच्या निवडत होते. गावचा भोंगा खरखरला. रोज विचियन भाताचा भाव नाही तर पाण्याची पाळी सांगतो. आज कुणीतरी भलतंच खाकरलं.

"मी खामपान. कोंबडीवाला. मला क्षय झाला होता. छातीचा. तुम्हाला लागू नये म्हणून आधी खोपीत राहिलो. मग डॉक्टर म्हणाले, आता कुणाला लागायचा नाही, शेगडी पेटव. पण गोळ्या सहा महिने, रोज, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत. गोळ्या फुकट आहेत, पण रोज तालुक्याला जायचं तर कमाई गाडीभाड्यातच जाणार. म्हणून प्रानोम मला गोळी गिळताना फोनवर तालुक्याच्या नर्सबाईंना दाखवते. गिळली की जीभ बाहेर काढायची, कुठं लपवली नाही ना म्हणून. मी तिला म्हटलं होतं, कळलं तर माझी कोंबडी कुणी खाणार नाही. तिनं नाव घेतलं नाही. तुम्ही काय काय बोललात, तरी घेतलं नाही." तो पुन्हा खाकरला. "कोंबडी खा नाही तर नका खाऊ. तिचा सदरा तिला द्या. आणि... विचियन, हे बंद कुठं करायचं?"

बंद झालंच नाही. मग नाक शिंकरल्याचा आवाजही सगळ्या गावानं ऐकला.

सदरा सकाळीच अक्काच्या घरी पोचला, विचियनच्या बायकोनं स्वतः इस्त्री केलेला. पण दादाच्या शेगडीपुढं कुणी फिरकेना. पलीकडच्या गावची एक मोटारसायकल थांबली आणि तशीच वळली. त्यानं कोंबड्या उलटल्या, पुन्हा उलटल्या. कातडी काळी पडत चालली.

दुपारी मी चटई उचलली आणि त्याच्या शेगडीपुढं अंथरली. तो आपली चिमुकली टोपली घेऊन लांब जायला निघाला होता. मी ती त्याच्या हातातून ओढली आणि भात माझ्या मोठ्या टोपलीत पालथा केला.

"अगं, हे काय?"

"दोन-दोन टोपल्या धुवायला वेळ नाही मला. बसा. आणि करपायच्या आत एक कोंबडी तोडा."

अक्का बसली. टोपलीत पहिला हात तिचा, दुसरा माझा. दादाचा हात हवेतच राहिला होता; अक्कानं मनगट धरून तो टोपलीत घातला. थोड्या वेळानं विचियनची बायको आली, उभ्याउभ्याच म्हणाली, "दोन बांधून द्या," आणि मग जागा करा म्हणत चटईवर टेकली.

सगळ्यांची तोंडं भरली तेव्हा मी विचारलं, "काय अक्का, गोळ्या संपल्या की पहाटेचं जाणं बंद ना?"

दादा एकाएकी निखाऱ्यांना वारा घालायला लागला. अक्कानं भाताचा गोळा सावकाश चटणीत बुडवला, खाल्ला, बोटं चाटली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.